हबीबभाईंचा हात

सकाळचे आठ वाजले की माझं बोट अजून टेबलाकडे जातं. मग आठवतं, आता कुणाला पोच द्यायची नाही, आणि मी चहाचा कप उचलते. हबीबभाई जाऊन पाच महिने झाले. आमचा फोनवरचा ग्रुप अजून आहे. त्यात सहा जण आहेत, कुणी बाहेर पडलेलं नाही, पण कुणी काही पाठवतही नाही. आम्हाला एकमेकांची लाज वाटते. दुसऱ्यांचं ते जाणोत, मला तरी वाटते.

मी अमरावतीच्या तारघरात होते. हबीबभाई अकोल्याला, त्याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला. आताच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते. टेबलावर एक पितळी की, म्हणजे बोटानं दाबायची कळ, असायची. ती इथे दाबली की तिकडे अकोल्याच्या टेबलावरचा साउंडर 'कड' म्हणायचा आणि सोडली की 'कट्ट'. दोन्हींत अंतर कमी असलं तर ठिपका, जास्त असलं तर रेघ. ठिपक्यारेघांचं इंग्रजी अक्षर, अक्षरांची तार. हे सगळं आम्ही कानानं वाचायचो. की दाबायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असायची. कुणी धावायचं, कुणी अडखळायचं, कुणी शेवटचं अक्षर ओढत न्यायचं. त्याला आम्ही 'हात' म्हणायचो. लाईनवर कोण बसलंय हे दोन शब्दांत कळायचं, तोंडावरून ओळखावं तसंच. शिवाय प्रत्येकाची दोन अक्षरांची सही असे. माझी व्हीके, म्हणजे वनिता काळमेघ. त्यांची एचबी.

तार पूर्ण घेतली की घेणाऱ्यानं 'आर' हे एक अक्षर पाठवायचं. ती पोच. आर गेला की पाठवणारा तो कागद बाजूला ठेवणार आणि मोकळा होणार. म्हणून आर ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात जोखमीची गोष्ट होती. हे मला पहिल्याच आठवड्यात हबीबभाईंनी शिकवलं, आणि चांगलं ठोकून शिकवलं.

मी तेव्हा विशीची होते. ट्रेनिंगमध्ये पहिली आले होते, त्यामुळे डोकं थोडं वर होतं. अकोल्याहून एक लांबलचक तार आली, व्यापाऱ्याची, सरकी आणि रुईच्या भानगडीची. हात इतका जलद की माझी पेन्सिल मागे आणि तार पुढे. मधले चार-पाच शब्द गेले. थांबवून पुन्हा मागायची लाज वाटली. शेजारच्या टेबलावरचे बुवेसाहेब हसतील, बाईमाणसाला जमत नाही म्हणतील. मी अंदाजानं शब्द भरले आणि ऐटीत आर दिला.

तिकडून मजकूर आला, अगदी सावकाश, शाळेतल्या पोराला कित्ता घालून द्यावा तसा: तिसरी ओळ परत वाचून दाखवा. मी माझी अंदाजाची ओळ पाठवली. मग इंग्रजी अक्षरांत आमची वऱ्हाडी वाजू लागली. लाईनवर खासगी बोलायला बंदी होती, पण हबीबभाईंना बंदी कोण घालणार!

"समजलं नसन तं आर काहून देता?"

माझे कान तापले होते.

"ताई, नाई समजलं हे सांगाले लाज नाई. नाई समजलं आन् समजलं म्हनाले लाज पायजे. घ्या पुन्ना."

आणि त्यांनी ती आख्खी तार पुन्हा पाठवली, निम्म्या वेगानं. त्यानंतर सहा महिने तो माणूस माझ्यासाठी हळू चालला. मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ते पुन्हा पूर्वीच्या वेगात आलेत आणि माझी पेन्सिल बरोबर चालली आहे. त्या दिवशी मी घरी जाताना राजापेठेतून पावशेर जिलेबी नेली. कारण कुणाला सांगितलं नाही.

हबीबभाई मूळचे बाळापूरचे. वडिलांचा शिलाईचा धंदा, थोरला भाऊ त्यातच. हे सगळं मला लाईनवरच कळलं, दुपारी काम थंड असायचं तेव्हा, एकेका अक्षरानं. बोलण्यात ते फार कंजूस. नमस्कार नाही, रामराम नाही, सलाम नाही. लाईनवर आले की सही आणि काम. "हवापाण्याच्या गोष्टी कराले लोकाइले तोंड देल्लं हाय, लाईन काहून अडवता?" असं म्हणायचे. अकोल्याच्या उन्हात, जिथे मे महिन्यात कुत्रंसुद्धा नालीत बसून राहतं, तिथे हा माणूस उजव्या मनगटावर काळा लोकरीचा पट्टा बांधून बसायचा. वर्षानुवर्षं की दाबून मनगट धरायचं. त्यामुळे त्यांच्या हातात एक खोड आली होती. बी या अक्षराला एक रेघ आणि तीन ठिपके. त्यांचा तिसरा ठिपका किंचित उशिरा यायचा. कधी जास्त उशिरा, कधी कमी. सकाळी ताजे असले तर कळायचंही नाही, संध्याकाळपर्यंत तो ठिपका चांगला लंगडायला लागायचा. सहीतच बी, त्यामुळे त्यांचा थकवा मला सहीवरून कळायचा. त्यांच्या घरच्यांनाही इतका नेमका कळत नसेल.

साउंडरच्या मागे त्यांनी पत्र्याचा एक डबा अडकवला होता, बिडीचा. त्यानं आवाज घुमतो. डबा रिकामा व्हायला वेळ लागायचा नाही, कारण बिडी तोंडातून निघायची नाही. सगळ्यांनी सांगून पाहिलं, मीही सांगितलं. उत्तर आलं, "डबा कुठून आनाचा मंग?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. जलद हातावरून मी मनाशी एक उंच, शिडशिडीत माणूस तयार केला होता. माझ्या लेकीच्या लग्नाला लाईनवरच्या सगळ्यांना पत्रिका पाठवल्या. पंगती चालू होत्या. मी वाढपाकडे बघत फिरत होते, तर मागून ताटावर टकटक झाली. नखानं ठिपका, बोटाच्या पेरानं रेघ. एच. बी. तिसरा ठिपका लंगडा. मी वळले. जाड चष्मा, गोल पोट, उभे राहिले तर माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची. मी हसू आवरू शकले नाही. तेही हसले आणि पुढे बोलायचं सोडून ताटावरच वाजवत राहिले: वरण बेस. वांग्याची भाजी फेल. शेजारी बसलेल्या व्याह्यांना वाटलं म्हाताऱ्याला काही सवय असेल. मी तिथल्या तिथे आर दिला, पाण्याच्या तांब्यावर. वांग्याची भाजी खरोखरच फेल होती.

पण त्यांची जी गोष्ट मी विसरू शकत नाही, ती कर्फ्यूतली. अकोल्यात दंगल झाली होती. तारघरात जे होते ते तीन दिवस तिथेच अडकले. हबीबभाई त्यांत. कर्फ्यूत सूट मिळाली की तारांचा नुसता पाऊस, आणि बहुतेकांचा मजकूर एकच, 'ऑल सेफ'. सगळे सुखरूप. ते पाठवत होते, मी घेत होते. बाळापूरच्या त्यांच्या घरची त्यांना काहीच खबर नव्हती. एकदाही त्यांनी तसं म्हटलं नाही. फक्त तिसरा ठिपका सकाळपासूनच लंगडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तार आली. अमरावतीतल्या एका बाईच्या नावानं, मुलानं पाठवलेली. आम्ही दोघं भाऊ, ऑल सेफ. हबीबभाईंचा हात 'ऑल'नंतर थांबला. थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. तेवढा वेळ लाईन मोकळी राहिली आणि मग 'सेफ' आला. मला ते ऐकू आलं. तरी मी आर दिला. शिपाई तार घेऊन गेला. परत आल्यावर सांगत होता, म्हातारीनं गल्लीत साखर वाटली.

तिसऱ्या दिवशी त्याच बाईच्या नावानं दुसरी तार आली, धाकटा गेल्याची. तो दवाखान्यातच होता, पहिल्या तारेच्या वेळीही. मयतीची तार आधी जाते, बाकी सगळं थांबवून. ती मी घेतली. संध्याकाळी लाईन थंड झाल्यावर मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"तो मानूस काउंटरवर रडत व्हता. म्हने, मायले कसं सांगू. मजकूर पाठवनाऱ्याचा असते ताई, मी कसा बदलवू? पन हात थांबला माहा. तुमाले आयकू आलं असन."

हो, मी म्हटलं. पण मी काय करायला पाहिजे होतं?

मग आलं, "काईच नाई. पन आयकू आलं तं आलं म्हनाचं. म्या एकट्यानंच आयकलं असं वाटलं मले दोन दिवस."

मशिनं आली, मग कॉम्प्युटर आले, आणि मग तारच गेली. आम्हाला वेगवेगळ्या खिडक्यांवर बसवलं आणि तिथूनच घरी पाठवलं. हबीबभाईंनी ऑफिसचं भंगार निघालं तेव्हा आपली की आणि साउंडर मागून घेतला. डब्यासकट. घरी जेवणाच्या टेबलावर बसवला आणि लेकीला, शबानाला, शिकवला. ती उर्दू शाळेत शिक्षिका आहे. "भाजीत मीठ कमी हे बी मी वाजवूनच सांगतो," असं त्यांनी एकदा पाठवलं होतं.

ग्रुप काढला वाशीमच्या ढोकण्यांनी. जुन्या लाईनवरचे सात जण. नाव ठेवलं 'कड कट्ट'. सून म्हणाली, आई, तुम्हाला ऑनलाईन मित्र कुठून मिळाले? म्हटलं, बाई, तुझा नवरा जन्मायच्या आधीपासून मी ऑनलाईन आहे. सकाळी आठला तारघर उघडलं की पूर्वी लाईन तपासायची रीत होती. मुख्य ठाणं सही वाजवायचं, बाकीच्यांनी एकेक करून आर द्यायचा. ज्याचा आर आला नाही तिकडे लाईनमन सायकल काढायचा. तीच रीत आम्ही ग्रुपवर चालू केली. आठला हबीबभाई आपल्या कीवर 'एचबी' वाजवून व्हॉइस मेसेज टाकणार, आम्ही सहा जण टेबलावर, ताटलीवर, जे हाताशी असेल त्यावर आर वाजवून पाठवणार. पुण्याला मुलाकडे गेलेले लोखंडे मात्र आर वाजवून वर गुलाबाचं फूल पाठवायचे, सुप्रभात लिहिलेलं. हबीबभाईंनी त्यांना एकदा सांगितलं, "लोखंडे, आर द्या न फक्त. बगीचा काहून लावता?"

मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. महिनाभर ते म्हणत राहिले, थंडी हाय. नंतर तपासणी झाली आणि कळलं, गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागणार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी ग्रुपवर तोंडानं बोलून मेसेज टाकला. पहिल्यांदाच. खरखरीत, फाटका आवाज.

"उद्या आवाज जानार हाय. तुमाले आयकवून ठेवतो म्हटलं. तसं मले बोलनं कधी जमलंच नाई, तं जाऊ द्या. हात हाय न. लाईन बंद पडू देऊ नका."

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. माणसाचा आवाज मला कधीच ओळखीचा नव्हता आणि आता तो जाणार म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते.

ऑपरेशनच्या दिवशी आठला काही वाजलं नाही. लोखंडे दर तासाला हात जोडत होते, ढोकणे हळदीच्या काढ्याचे व्हिडिओ पाठवत होते. मी चिडून लिहिलं, माणूस टेबलावर आहे, काढा कुणाला पाजता? दुपारी शबानाचा मेसेज आला, ऑपरेशन झालं, अब्बू आयसीयूत आहेत. चौथ्या दिवशी सकाळी आठला 'एचबी' वाजलं. शबानानं की दवाखान्यात नेली होती. हात इतका हळू की मला माझे पहिले सहा महिने आठवले. तिसरा ठिपका येतो की नाही असं वाटलं, आणि आला. सहा आर गेले. लोखंड्यांनी फूल टाकलं नाही.

असे पाच दिवस. मग एक दिवस काहीच नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर आठला, 'एचबी, ओके'.

मी फोन कानाला लावला, पुन्हा लावला. हात चांगला होता. चांगलाच होता, तेच वाईट होतं. बीचा तिसरा ठिपका उशिरा आला होता. मी मेसेज परत लावला, आदल्या दिवसांचे काढले, ताडून पाहिले. हबीबभाईंचा ठिपका मनगट ठरवेल तेवढाच उशीर करायचा. हा ठिपका कुणीतरी ठरवून उशिरा टाकला होता. दुसऱ्या दिवशी तेवढाच उशीर. तिसऱ्या दिवशी तेवढाच.

ढोकण्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "मॅडम, हात थोडा येगळा नाई वाटून राह्यला?"

"अशक्तपणा असेल," मी म्हटलं.

"हो न. अशक्तपनाच असन. मीबी तेच म्हटलं."

दोघांनी मिळून चाळीसेक वर्षं दुसऱ्यांचे हात ऐकून पगार घेतला. एखाद्यानं पायरी चढून येऊन की धरली तर दम लागलेला आम्हाला कळायचा. अशक्त माणूस वाजवतो कसं हे आम्हाला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. सहाही जणांना माहीत होतं. सहाही जणांनी आर दिला. मी सगळ्यात शेवटी दिला, वीस मिनिटं उशिरा, पण दिला.

का दिला? शबानाला मी लिहून विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं, ठीक आहेत मावशी. फोन केला तर उचलत नव्हती. मला गुडघ्याचा त्रास आहे, घरी पाहुणे होते, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. माझे मालक दवाखान्यातच गेले, तो वास मला पुन्हा नको होता. मी बोलले नाही तोपर्यंत तिकडे काही झालेलं नाही, असा माझा हिशेब. अकरा दिवस मी हा हिशेब चालवला.

बाराव्या दिवशी सकाळी आठला वाजलं, 'एचबी. ऑल सेफ.'

वाजवत होती ती शबानाच असणार, तिला बिचारीला काय माहीत. रोज ओके काय पाठवायचं म्हणून बदल केला असेल. पण हबीबभाईंच्या सहीमागे ते दोन शब्द, आणि दोन्हींच्या मध्ये हात कुठेच थांबला नाही. माझं बोट टेबलावर गेलं आणि तिथेच राहिलं. आर देता येईना. मी चपला घातल्या, सुनेला सांगितलं आणि ऑटोनं बडनेरा स्टेशनला गेले. अकोल्याच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत, अर्धी वाट, उभीच होते.

शबाना वॉर्डाच्या दारातच भेटली. मला पाहून ती आधी हसली आणि मग तिला रडूच फुटलं. बाजूला घेऊन तिनं सांगितलं. ऑपरेशनच्या नवव्या दिवशी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. आवाज आधीच गेला होता, आता हातही. इन्फेक्शन आहे, ताप उतरत नाही. डॉक्टर आता नीट काही सांगत नाहीत.

"मावशी, मी खोटं कराले नव्हती पाहत," ती म्हणाली. "एक दिवस गेला न हजेरीबिगर, तं तुमी सगळ्याइनं किती मेसेज टाकले. अब्बूले टेन्शन यीन म्हटलं. म्हनून मीच वाजवलं, त्यांच्यासारखं. मंग तुमचे आर आले. ते मी त्यांच्या कानाशी धरते रोज. सहाबी आयकतात. आयकले का डोळे मिटून घेतात. मले वाटलं, बरं वाटते त्याइले."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं बापावरच्या मायेनं केलं. आमच्याकडे तेवढंही निमित्त नव्हतं.

ती औषधं आणायला खाली गेली आणि मी खाटेजवळ स्टुलावर बसले. लग्नातलं ते गोल पोट कुठेच नव्हतं. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, श्वासाबरोबर हलणारं. उजवा हात उशीवर ठेवलेला, मनगटावर पट्टा नाही. तिथली कातडी बाकी हातापेक्षा गोरी होती. डाव्या हाताची सुई त्याच सकाळी काढली होती, कापूस चिकटवलेला होता. डोळे उघडे. त्यांनी मला ओळखलं.

मी खाटेच्या लोखंडी दांडीवर सही वाजवली. नखानं ठिपका, पेरानं रेघ. व्हीके.

डावा हात सरकत दांडीपर्यंत आला. त्याला बराच वेळ लागला. मग बोट पडू लागलं. हा हात मी कधी ऐकला नव्हता, त्यांनी स्वतःही ऐकला नसेल. नवशिक्याचा हात. के. मी वाट पाहिली. ए. मग एच. त्यांनी सहा महिने माझी वाट पाहिली होती, मला कसली घाई? यू. एन. काहून.

थांबले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मग एकच अक्षर आलं. आर.

काहून आर.

पहिल्या आठवड्यासारखेच माझे कान तापले. रोज आठ वाजता पोरगी फोन कानाशी धरायची आणि या माणसाला सहा पोचा ऐकू यायच्या, त्यानं न पाठवलेल्या तारेच्या. रोज तो ऐकत असणार, आज तरी कुणी थांबवील. आज तरी कुणी विचारील, हा हात कोणाचा. व्हीकेला कळेल, तिला मी शिकवलंय. मग व्हीकेचाही आर यायचा, वीस मिनिटं उशिरा, आणि तो डोळे मिटायचा. पोरीला दुखवायचं नाही म्हणून तिला कधी काही सांगितलं नाही. बाकी आम्हा सहा जणांवर त्यानं भरवसा ठेवला होता.

मी दांडीवर वाजवलं, ऐकू आलं होतं. मला ऐकू आलं होतं.

मग हळूच, 'परत' असं सांगणारी आमची तीन अक्षरं आली. मी घाईत वाजवलं होतं, अर्धे ठिपके वाजलेच नसणार. मी पुन्हा पाठवलं, एकेक अक्षर सुटं करून. ऐकू आलं होतं. भीती वाटली. माफ करा. ते माझ्या हाताकडे नाही, वर पंख्याकडे बघत ऐकत होते. आयुष्यभर ज्या तऱ्हेनं ऐकलं त्याच तऱ्हेनं.

मी पोचेची वाट पाहू लागले. तेवढ्यात भेटायची वेळ संपली म्हणून सिस्टरनं हाक दिली. मी उठत नाही हे पाहून ती जवळ आली, त्यांचा डावा हात दांडीवरून उचलून नीट पांघरुणावर ठेवला आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. चांगली बाई होती, तिला काय ठाऊक.

दाराला एक चौकोनी काच होती. त्यातून मी वळून पाहिलं. हबीबभाई तसेच पंख्याकडे बघत पडले होते आणि डाव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं. वर, खाली, वर, खाली. ते काहीतरी पाठवत होते. मी काचेला कान लावला. कापसाच्या चादरीवर बोटाचा आवाज होत नाही, आणि डोळ्यानं वाचायला आम्ही कधी शिकलोच नाही. तो आर असेल, असं मला फार वाटत होतं. मी मान हलवणार होते. मग हलवली नाही. जे कळलं नाही त्याची पोच आता मी देणार नव्हते. ते बोट थांबेपर्यंत मी काचेशी उभी राहिले.